पुसलेल्या खांबामागचं आकाश
फोटोतला विजेचा खांब पुसला, की मागचं आकाश येतं कुठून? कॅमेऱ्याने तर ते टिपलेलंच नसतं. २०१० साली फोटोशॉपमध्ये आलेली ‘कंटेंट-अवेअर फिल’ ही सोय त्याच फोटोतले मिळतेजुळते तुकडे शोधून रिकामी जागा भरते, गोधडीला ठिगळ लावावं तशी. आकाश, वाळू, गवतावर ते बेमालूम बसतं, चेहऱ्यावर फसतं.

काचेतलं प्रतिबिंब त्याहून अवघड. तिथे दोन दृश्यांचा प्रकाश एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेला असतो आणि सॉफ्टवेअरला त्याची वाटणी अंदाजानेच करावी लागते. म्हणून माझा आग्रह आहे, फोटो काढतानाच लेन्सवर पोलरायझर लावून फिरवा. काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांचा कोन साधला, तर परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो आणि हा फिल्टर तो अडवतो. काचेसमोर अगदी सरळ उभं राहिलात, तर मात्र त्याचा उपयोग नाही.