परदेशातील वस्त्ररचना-शिक्षण आणि विद्यार्थिजीवन : स्कॉटलंडमधील गॅलाशील्सच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : वस्त्ररचना, कार्यशाळाधारित अध्यापन, नमुना, मूल्यमापन, विद्यार्थिजीवन

प्रस्तावना

महाराष्ट्राला वस्त्रनिर्मितीची दीर्घ परंपरा लाभलेली आहे. पैठण-येवल्याची पैठणी, सोलापूरची चादर, छत्रपती संभाजीनगरचे हिमरू आणि इचलकरंजीचा यंत्रमाग ही तिची ठळक उदाहरणे होत. या पार्श्वभूमीवर घडलेले काही विद्यार्थी पदवीनंतर वस्त्ररचनेच्या उच्च शिक्षणासाठी परदेशाकडे वळतात. त्यांना मिळणारे मार्गदर्शन बहुधा व्हिसा, शुल्क, इंग्रजीची परीक्षा आणि थंडी या चार गोष्टींपुरते मर्यादित राहते. या बाबी महत्त्वाच्या असल्या तरी विद्यार्थ्याची खरी कसोटी तेथील कार्यशाळेत लागते. उत्तर बरोबर आहे की चूक, याला महत्त्व देणाऱ्या शिक्षणपद्धतीतून तो उत्तरापर्यंतचा प्रवास तपासणाऱ्या पद्धतीत प्रवेश करीत असतो. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडमधील गॅलाशील्स येथील शिक्षणाच्या आधारे या संक्रमणाचे स्वरूप स्पष्ट केले असून त्या अनुषंगाने महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या भूमिकेचा विचार केला आहे.

१. वस्त्ररचना : विषयाचे स्वरूप

वस्त्ररचना आणि वस्त्र अभियांत्रिकी यांत अनेकदा गल्लत केली जाते. मुंबईची १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हीजेटीआय किंवा इचलकरंजीची डीकेटीई यांसारख्या संस्थांतून तंतू, सूत, यंत्रे आणि प्रक्रिया यांचे अभियांत्रिकी शिक्षण मिळते. वस्त्ररचना मात्र कला आणि तंत्र यांच्या सीमेवर उभी आहे. कागदावर शेजारी शेजारी काढलेल्या लाल व निळ्या रेषा वेगवेगळ्या दिसतात; परंतु ताणा लाल आणि बाणा निळा असलेले बारीक विणीचे कापड दुरून जांभळट भासते. तेच सूत साध्या विणीत घेतले तर धागे एकमेकांत वारंवार गुंतल्यामुळे कापड ताठर होते. तिरप्या विणीत धाग्यांना मोकळीक मिळाल्यामुळे ते अंगावर सहज पडते. यामुळे वस्त्ररचनेतील निर्णय केवळ चित्रावरून घेता येत नाही. तो मागावर पडताळून पाहावा लागतो. कलाशाखेतून आलेला विद्यार्थी विणीच्या गणिताला बिचकतो, तर अभियांत्रिकीतून आलेला रेखाटनाला. दोघांचीही तयारी एका अंगाने अपुरी असते.

२. गॅलाशील्स : गाव आणि संस्था

गॅलाशील्स हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातील सुमारे १२ ते १३ हजार लोकवस्तीचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या गिरण्यांमुळे ते भरभराटीस आले. ‘ट्वीड’ या कापडाच्या नावाविषयी अशी कथा सांगितली जाते की, तिरप्या विणीसाठी असलेला ‘ट्वील’ हा स्कॉट शब्द लंडनच्या एका व्यापाऱ्याने जवळून वाहणाऱ्या ट्वीड नदीच्या नावासारखा वाचला आणि तेच नाव रूढ झाले.

येथील वस्त्रशिक्षणाचा आरंभ १८८३ मध्ये विणकाम, रंगाई व रसायनशास्त्र यांच्या वर्गांनी झाला. पुढे १९२२ मध्ये ‘स्कॉटिश वूलन टेक्निकल कॉलेज’ आणि १९६८ मध्ये ‘स्कॉटिश कॉलेज ऑफ टेक्सटाइल्स’ असे नामांतर होत होत १९९८ मध्ये ही संस्था एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात विलीन झाली. गावातील बहुतेक गिरण्या बंद पडल्या असल्या तरी जवळच्या सेलकर्कमध्ये विणकाम आणि हॉइकमध्ये काश्मिरी लोकरीचे विणलेले कपडे यांची परंपरा टिकून आहे. मुंबईच्या गिरणगावाची वाताहत पाहिलेल्या महाराष्ट्रीय अभ्यासकाला या गावाचा इतिहास परका वाटणार नाही.

३. अध्यापनपद्धती : नमुना, नोंदवही आणि क्रिट

स्कॉटिश व्यवस्थेत एक श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे सुमारे १० तास मानले जातात. १५ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याने १५० तास काम करणे अपेक्षित असते. त्यांपैकी प्रत्यक्ष व्याख्यानांचा वाटा मर्यादित असून उरलेला काळ कार्यशाळा आणि स्वाध्याय यांसाठी असतो. वेळापत्रकातील रिकामे तास मोकळे नाहीत, ही गोष्ट नवागताच्या लक्षात येईपर्यंत सत्राचा बराच भाग निघून जातो.

कामाचा क्रम साधारणतः असा असतो : विषयाची निवड, निरीक्षण व रेखाटन, पुठ्ठ्याच्या पट्टीवर सूत गुंडाळून रंगसंगतीची चाचणी, विणीची आलेखावर मांडणी आणि त्यानंतर मागावर नमुना. नमुन्यासाठी ताण्याचे ६ पट्टे वेगवेगळे घेऊन त्यांतून ६ प्रकारचे बाणे विणले, तर एकाच कापडात ३६ चौकोन मिळतात. त्यांतील बहुसंख्य चौकोन निरुपयोगी ठरतात. परंतु ते का फसले हे सांगता येणे, हाच अध्ययनाचा गाभा मानला जातो.

येथेच आपल्या विद्यार्थ्याची अडचण सुरू होते. आपल्याकडे प्रात्यक्षिकाची वही ‘फेअर’ करून सादर करण्याची रीत आहे. खाडाखोड झालेले पान फाडावे, निरीक्षणे नीटनेटकी मांडावीत, हा संस्कार शालेय जीवनापासून होत आलेला असतो. वस्त्ररचनेच्या नोंदवहीत मात्र फसलेला प्रयोग, बदललेला रंग, सोडून दिलेली कल्पना यांच्या खुणा असणे अपेक्षित असते. सर्व पाने सुबक असलेली वही तेथे गुणाची न ठरता विचारप्रक्रियेच्या अभावाची निदर्शक ठरू शकते.

‘क्रिट’ या नावाने ओळखली जाणारी सामूहिक समीक्षा हा या पद्धतीचा दुसरा महत्त्वाचा घटक होय. विद्यार्थी आपले नमुने भिंतीवर मांडतो आणि अध्यापक व सहाध्यायी त्यावर प्रश्न विचारतात. उदाहरणादाखल, एखाद्या विद्यार्थिनीने पैठणीतील मुनिया आणि आसवलीची नक्षी लोकरी कापडावर जशीच्या तशी छापून आणली, तर तिच्या सौंदर्याचे कौतुक होईल. परंतु ही नक्षी येथे का, लोकरीशी तिचा संबंध कोणता आणि रचनाकाराने त्यात स्वतः काय केले, हे प्रश्न त्यामागोमाग येतील. याउलट, पैठणीत बाण्याचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी साधण्याचे जे तंत्र आहे, ते तिने जाड लोकरीत पडताळून पाहिले, तर परंपरा हे तिचे खरे भांडवल ठरते. गॅलाशील्समध्ये २०२१ पासून स्वतंत्र इमारतीत मांडलेली १६० फलकांची ‘ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड’ ही नावाने टॅपेस्ट्री असली तरी प्रत्यक्षात भरतकाम आहे; विणीत नक्षी गुंफण्याचे टॅपेस्ट्रीचे तत्त्व पैठणीतच आढळते. असा तौलनिक विचार करू शकणारा विद्यार्थी समीक्षेत मागे पडत नाही.

४. गुणांचा अर्थ

ब्रिटनमध्ये ७० किंवा त्याहून अधिक गुण ही प्रथम श्रेणी मानली जाते. ६२ गुण हे चांगल्या कामाचे द्योतक असते. सातत्याने ८० च्या पुढे गुण मिळविलेला विद्यार्थी या आकड्याने खचतो आणि ही बाब घरी सांगण्यास संकोचतो. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनावर याचा ताण अधिक येतो. गुणपद्धतीतील हा फरक प्रस्थानापूर्वीच समजावून सांगितल्यास असा मनस्ताप टाळता येतो.

५. आर्थिक व प्रशासकीय बाबी

नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर शिकणाऱ्या व्हिसा अर्जदारास शुल्काव्यतिरिक्त दरमहा १,१७१ पौंड याप्रमाणे जास्तीत जास्त ९ महिन्यांच्या निर्वाहखर्चाची तरतूद सलग २८ दिवस बँकेत दाखवावी लागते. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. त्यामुळे पोहोचल्यावर स्थानिक डॉक्टरकडे नोंदणी करणे हिताचे असते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना स्थानिक कर माफ असतो.

सत्रकाळात पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आठवड्यास २० तासांपर्यंत नोकरी करता येते. स्वयंरोजगारास मात्र परवानगी नाही. वस्त्ररचनेच्या विद्यार्थ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण स्वतः विणलेले स्कार्फ विकणे हाही व्यवसाय ठरू शकतो. शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारी २ वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांकरिता, पीएच.डी. वगळता, १८ महिन्यांची करण्यात आली आहे. एका वर्षाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याने कर्जफेडीचा हिशेब या मुदतीच्या भरवशावर मांडू नये.

६. दैनंदिन जीवनाशी जुळवून घेणे

डिसेंबरमध्ये येथे दिवस जेमतेम ७ तासांचा असतो. रंगाचे काम करणाऱ्यांसाठी ही केवळ हवामानाची बाब नाही. सूर्यप्रकाशात निवडलेली छटा दिव्याखाली वेगळी दिसते, म्हणून रंगनिवडीची कामे दुपारच्या उजेडात उरकावी लागतात. अध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारणे हा तेथील शिष्टाचार आहे. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणण्याची सवय सुटण्यास वेळ लागतो; त्याहून अधिक वेळ अध्यापकाशी मतभेद व्यक्त करण्यास लागतो.

लहान गावात भारतीय किराणा व शाकाहारी जेवणाचे पर्याय कमी असतात. परंतु १९६९ मध्ये बंद झालेला रेल्वेमार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये अंशतः पुन्हा सुरू झाल्यामुळे एडिनबरो सुमारे तासाभराच्या अंतरावर आले आहे. माग लावताना ताणा ओवण्यासाठी सहाध्यायाची मदत लागते आणि अशा कामातूनच अनेकदा मैत्री जुळते. स्वतःच्या भाषिक गटापुरते राहणारा विद्यार्थी या सोबतीला मुकतो.

७. महाविद्यालयांची भूमिका

उपर्युक्त विवेचनावरून काही सूचना करता येतात. (अ) प्रात्यक्षिकाच्या किमान एका घटकात ‘फेअर’ वहीऐवजी कच्ची नोंदवही मूल्यमापनासाठी स्वीकारावी. (आ) अंतिम वर्षात महिन्यातून एकदा समूहासमोर कामाची समीक्षा घ्यावी. (इ) शिफारसपत्रात केवळ गुण व वर्तणूक न नोंदविता विद्यार्थ्याने एखादी अडचण कशी सोडविली, याचे उदाहरण द्यावे. (ई) शिष्यवृत्तीच्या अटी विद्यार्थ्यासमवेत तपासाव्यात. जेथे संपूर्ण विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेथे नामांकित परंतु लहान कलासंस्था अपात्र ठरण्याचा संभव असतो. (उ) परदेशी जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने जवळच्या विणकराकडे काही दिवस प्रत्यक्ष मागावर काम करावे.

निष्कर्ष

परदेशातील वस्त्ररचना-शिक्षणात यशस्वी होण्यासाठी भाषा आणि पैसा यांच्याइतकीच अपूर्ण काम इतरांसमोर ठेवण्याची सवय आवश्यक असते. ही सवय विमानतळावर उतरल्यावर लागत नाही. ती येथील वर्गातच रुजवावी लागते. विद्यार्थ्याची पाटी कोरी नसते. धोटा आणि फणी यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या प्रदेशातून तो येतो. त्या वारशाकडे चिकित्सकपणे पाहण्याची दृष्टी त्याला दिली, तर परदेशातील वर्ष केवळ पदवीपुरते न उरता येथील मागालाही उपयोगी पडेल.