गुणगुणणारा सबवूफर आणि तिसरी तार

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘गुणगुणणारा सबवूफर’ असे उत्तर दिले. चालक क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. आयुष्य कामगार संघटनेत घालवलेल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, फार तर ग्रॅच्युइटीवर बोलावे. घरातल्या सिनेमाच्या भोंग्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो शेवटी आपोआप कळेल. तोवर श्रोत्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर एका वायरमनच्या हाताखाली पक्कड आणि टेस्टर घेऊन आम्ही काही वर्षे हिंडलो. पुस्तके मागाहून वाचली. संघटनेच्या कामाला लागल्यावर पक्कड सुटली, पण ओळखीच्या लोकांनी ती पूर्णपणे सुटू दिली नाही. गेल्या वर्षी वैशाखात शहादे तालुक्यातील आमच्या एका जुन्या सोबत्याने निरोप पाठवला. गृहस्थ नुकतेच निवृत्त झालेले. मुलांनी हौसेने घरी मोठा टीव्ही, पाच लहान भोंगे आणि एक मोठा सबवूफर आणून बसवला होता. सिनेमा चालू असो वा नसो, सबवूफर भुंग्यासारखा अखंड गुणगुणत असे. आम्ही उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच वहिनी म्हणाल्या, “भाऊ, हाऊ भोंगा बंद करी द्या.”

आता ही गुणगुण म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या घरात येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला 50 वेळा पुढेमागे असे पूर्ण आवर्तन घेते. अमेरिकेत हीच संख्या 60 आहे. सबवूफर हे यंत्र मुळात खर्जातले आवाज काढण्यासाठीच बनवलेले. सुमारे 20 ते 120 आवर्तनांचा टापू त्याचा. म्हणजे विजेची स्वतःची 50 आवर्तने बरोबर त्याच्या अंगणात येतात. लहान भोंग्याला हा आवाज नीट काढताच येत नाही, म्हणून तो गप्प दिसतो. सबवूफर मात्र मिळालेला कण वाढवून खोलीभर पसरवतो. दोष सगळ्यांत असला तरी बोंब मोठ्या तोंडाची ऐकू येते!

ही कटकट नवी नाही. आमच्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेली मंडळी येथे असतील. त्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक चिंचोळी पट्टी असे. एका लहान दिव्याचा प्रकाश त्या पट्टीतून जाऊन पलीकडच्या प्रकाशविद्युत घटावर पडे आणि त्यातून आवाज निघे. त्या दिव्याला घरगुती वीज सरळ जोडली, तर दिवा सेकंदाला 100 वेळा किंचित कमीजास्त होतो आणि तीच गुणगुण पडद्यामागून ऐकू येते. म्हणून त्या दिव्याला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देण्याची व्यवस्था करीत. तात्पर्य, पडदा तंबूतला असो की दिवाणखान्यातला, भुंगा एकच आहे.

दोष शोधताना घाईने यंत्र उघडू नये. बाहेरून आत, एकेक पायरी जावे. पहिली पायरी अशी: आवाज कमी करून, सबवूफर चालू ठेवून, त्याला मागून आलेली आवाजाची तार काढावी. तार काढूनही गुणगुण तशीच राहिली, तर दोष सबवूफरच्या पोटात आहे. बहुधा त्यातले वीज गाळणारे मोठे कपॅसिटर वाळलेले असतात आणि तेव्हा आवाज 50 ऐवजी 100 आवर्तनांचा, जरा चढा येतो. हे काम दुरुस्तीवाल्याचे. घरी झाकण उघडू नये, कारण बटण बंद केल्यावरही कपॅसिटरात काही काळ वीज साठून राहते.

तार काढताच गुणगुण थांबली, तर दोष बाहेरचा. दुसऱ्या पायरीला दुसरी चांगली तार लावून पाहावी. या तारेभोवती जाळीचे वेष्टण असते. त्याचा टाका सुटला की आतली तार आसपासची वीज टिपू लागते. आवाजाची तार विजेच्या तारेला चिकटून लांबवर नेलेली असेल, तर दोघींत वीतभर अंतर ठेवावे. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. तिसऱ्या पायरीला छतावरून किंवा खांबावरून आलेली केबलची तार सेट-टॉप बॉक्समधून काढावी. त्यानंतर संगणक, खेळाचे यंत्र, जे जे जोडले असेल ते एकेक सोडवीत जावे. ज्याला सोडवताच भुंगा गप्प होईल, त्याच्या वाटेने तो आत येत होता.

आमच्या सोबत्याच्या घरी केबल काढताच भुंगा एकदम थांबला. येथे मूळ तत्त्व सांगितले पाहिजे. तीन पिनांच्या प्लगातली मोठी पिन जमिनीशी जोडलेली असते. तीच तिसरी तार, म्हणजे अर्थिंग. केबलचे धातूचे वेष्टणही दूर कुठेतरी जमिनीला भिडलेले असते. दोन ठिकाणच्या जमिनी विजेच्या हिशेबाने अगदी सारख्या नसतात. दोघींत थोडासा व्होल्टचा फरक असतो. खांबावरची केबल, टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर आणि त्याची तिसरी पिन अशी सगळी साखळी जोडली की एक मोठे वर्तुळ तयार होते. त्या फरकामुळे वर्तुळातून प्रवाह फिरतो. आवाजाच्या तारेचे वेष्टण याच वर्तुळाचा तुकडा असल्याने सबवूफर तो प्रवाह गाणे समजून वाजवतो. याला अर्थिंगचा फेरा म्हणता येईल.

याच्या उलट दोषही आपल्याकडे पुष्कळ आढळतो, तो म्हणजे अर्थिंग मुळीच नसणे. टीव्ही किंवा संगणकातल्या गाळणीतून अगदी थोडी वीज त्याच्या धातूच्या अंगावर येत असते, ती तिसऱ्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. भोकात तारच नसेल, तर ती आवाजाच्या तारेतून वाट काढते. यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात, टेस्टर मंद पेटतो, आणि सबवूफर गुणगुणतो. म्हणजे अर्थिंग दोन झाल्या तरी भुंगा, आणि एकही नसली तरी भुंगा.

आता खरी गोष्ट. आमच्या सोबत्याच्या घरी एक चमत्कार दिसला. केबल पुन्हा जोडून आम्ही चहा घेत होतो, तोच अंगणातली पाण्याची मोटर सुरू झाली आणि भुंगा दुप्पट जोराने ओरडू लागला. मोटर बंद झाली, तो खाली आला. आम्ही व्होल्टमीटर मागवला. चांगल्या घरात फेज आणि अर्थ यांत 230 व्होल्टच्या आसपास दिसतात, आणि न्यूट्रल व अर्थ यांत थोडेसे, म्हणजे एखाददोन किंवा तीनचार व्होल्ट. मोटर चालू असताना हा आकडा वाढायला हवा. आम्हाला मोटर चालू असताना सरळ शून्य दिसले. अर्थिंगच्या बाबतीत असे शून्य दिसले, तर समाधान न मानता संशय घ्यावा.

मुख्य स्विच काढून बोर्ड उघडला. आत न्यूट्रलच्या पट्टीवरून अर्थच्या पट्टीवर बोटभर तारेचा एक तुकडा टाकलेला होता. जमिनीत जाणारी तार नव्हतीच. म्हणजे घरातली प्रत्येक तिसरी पिन जमिनीशी नव्हे, तर न्यूट्रलशी जोडलेली होती. मोटरीचा प्रवाह न्यूट्रलवर वाढला की तिथले व्होल्ट वाढत, ते तिसऱ्या पिनेवर येत, आणि भुंगा ओरडे.

श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे. वादळात खांबावरून आलेली न्यूट्रलची तार तुटली, तर काय होईल? कुठलाही एक दिवा चालू असला की त्याच्यातून फेजची वीज न्यूट्रलच्या पट्टीवर येते, तिथून त्या बोटभर तुकड्यावरून तिसऱ्या पिनेवर, आणि तिथून फ्रीजच्या दारावर, धुण्याच्या यंत्रावर, कूलरच्या पत्र्यावर. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो, घरोघरी पत्र्याचे कूलर चालतात, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यांत पाणी ओतणारी बहुधा घरातली स्त्री किंवा शाळकरी मूल असते.

आम्ही येण्यापूर्वी कोणी तरी सल्ला दिला होता की सबवूफरची तिसरी पिन कापून टाका, आवाज जाईल. सल्ला ऐकला असता, तर आवाज खरोखरच गेला असता. कूलरवरचा यम मात्र घरात तसाच राहिला असता, आणि त्याची वर्दी देणारा पहारेकरी तेवढा गप्प झाला असता.

तो तुकडा टाकणारा वायरमन दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही त्या जागी काम केलेले आहे. वायरमनला मजुरी पॉइंटवर मिळते: इतके दिवे, इतके पंखे, इतके पैसे. अर्थिंगचा खड्डा भिंतीत दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे देताना मालक कुरकुरतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत खड्डा सोपा. पण ती जमीन उन्हाळ्यात फाटते, सुकते, आणि सुकी जमीन वीज नीट घेत नाही. अक्राणीकडे सातपुड्यात तर खडकच लागतो. खड्डा खणणाऱ्याचे घामाचे पैसे वाचवले की बोटभर तुकड्याने भागवण्याची बुद्धी होते. येथेच आमचा सबवूफर कामगारांच्या प्रश्नाला येऊन भिडतो. न दिसणाऱ्या कामाची मजुरी न देण्याची सवय शेवटी आपल्याच घराच्या फरशीवर येते.

पुढे काय केले ते सांगतो. परवानाधारक वायरमन बोलावला. तुकडा काढला. अंगणात खड्डा घेऊन सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरले, आणि उन्हाळ्यात पाणी घालण्यासाठी वर नरसाळे ठेवले. खड्ड्याची मजुरी वेगळी धरून रोख दिली. बोर्डात गळतीरोधक स्विच बसवला. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरची चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

एवढे केल्यावर भुंगा पुष्कळ खाली आला, पण गेला नाही. केबलचा फेरा शिल्लक होता. तेव्हा टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची धातूची तार काढून प्रकाशाची तार घातली. तिच्यातून आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो, धातूचा संबंधच राहत नाही, म्हणून वर्तुळ तुटते. ज्यांच्या यंत्राला ही सोय नाही, त्यांनी केबलच्या किंवा सबवूफरच्या तारेत विलगक बसवावा. त्याच्या आधी सर्व यंत्रे एकाच बोर्डाला जोडून पाहावीत. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. फेरा तोडायचा तो नेहमी आवाजाच्या किंवा केबलच्या तारेत तोडावा. तिसऱ्या पिनेला हात लावू नये.

वहिनींनी त्या रात्री सिनेमा पाहिला. आम्हाला मात्र सिनेमापेक्षा कूलरकडेच पाहावेसे वाटत होते. आज घरी गेल्यावर श्रोत्यांनी एवढेच करावे. कूलरच्या प्लगाला तिसरी पिन आहे ना, आणि त्या पिनेची तार अंगणातल्या कुठल्या खड्ड्यात जाते, हे घरातल्या कर्त्या माणसाला विचारावे. खड्डा दाखवता आला नाही, तर उद्या सकाळी वायरमनला बोलावावे, आणि खड्ड्याची मजुरी आधी ठरवावी.