कलम आणि खुंट

सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांत, आमचें शेंदूरजनाघाट वसलें आहे. परगांवीं आम्हीं गांवाचें नांव सांगतांच 'संत्र्याच्या कलमांचें गांव तेंच ना?' असा प्रश्न येतो. येथील वाड्यांतून लक्षावधि कलमें दूरदूरच्या प्रांतीं जातात. जंभेरीचें बीं पेरावें, रोप पेन्सिलीएवढें जाड झालें म्हणजे त्याच्या सालींत संत्र्याचा डोळा बसवावा, आणि डोळा फुटला कीं वरचा जंभेरीचा शेंडा छाटून टाकावा, अशी ही विद्या आहे. मुळें एकाचीं, फळें दुसऱ्याचीं. परराष्ट्रांकडून शेतीचें ज्ञान घ्यावें कीं न घ्यावें, असा वाद निघाला म्हणजे आम्हांस हें कलमच आठवतें.

हा वाद यंदा आमच्या घरांतच निघाला. आम्हां बंधूंनीं तीस वर्षांपूर्वीं लाविलेली बाग डिंक्या रोगानें गेली. बुंध्याची साल तडकून डिंक वाहूं लागला, पानें पिवळीं पडलीं, आणि पांच वर्षांत सरपणापलीकडे कांहीं उरलें नाहीं. ओल्या मातींत वाढणारा फायटोफ्थोरा नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव या रोगाच्या मुळाशीं असतो. आमच्या कलमांचे डोळे जमिनीपासून चार बोटांवरच बांधलेले होते. पावसाळ्यांत चिखल थेट सांध्यास लागे. हें आम्हांस फार उशिरां कळलें.

आतां नवी लागवड करावयाची. आमचा पुतण्या नागपुरास शिक्षणवर्ग करून आला. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तेथें इस्रायलच्या साह्यानें लिंबूवर्गीय फळांचें केंद्र चालविलें आहे. उभय देशांत 2006 सालीं झालेल्या कृषिकराराच्या पुढच्या कार्याचें तें फळ. पुतण्याचें म्हणणें असें: झाडें सपाट रानांत न लावतां उंच गादीवाफ्यांवर लावावीं, पाणी ठिबकानें द्यावें, डोळा जमिनीपासून वीतभर उंच असलेलेंच कलम घ्यावें, आणि अंतर 6 × 6 मीटरांऐवजीं 6 × 3 ठेवावें. म्हणजे हेक्टरीं 277 झाडांच्या जागीं 555 बसतात.

ज्येष्ठ बंधूंनीं शांतपणें विचारिलें, "अरे, त्यांच्या देशांत पाऊस तो किती? आपली काळी, चिबड जमीन त्यांनीं पाहिली आहे काय?"

"बाबा, म्हणूनच गादीवाफे," पुतण्या म्हणाला. परंतु बंधूंचें समाधान झालें नाहीं. दोघेही आमच्याकडे पाहूं लागले.

आम्ही शेतकीचे पंडित नव्हे. पण आमच्या मतें बंधूंचा प्रश्न हट्टाचा नव्हता. तथापि परकी विद्या म्हणून ती त्याज्य, हें मात्र आम्हांस पटत नाहीं. विद्येचा व्यवहार एकतर्फी कधींच नव्हता. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्याच्या ध्यासानें देशांतरास गेले, अमेरिकेंत शेतकी शिकले, आणि पुढें मेक्सिकोंत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषि विद्यालयांत अध्यापक झाले. मका व गहूं यांवर त्यांनीं संशोधन केलें, आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत कृषिशाळा काढल्या. पुढें त्याच मेक्सिकोंत रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्यानें 1943 पासून धान्यसुधारणेचें कार्य चाललें. तेथें सिद्ध झालेल्या बुटक्या गव्हाचें 18,000 टन बीं भारतानें 1966 सालीं आणविलें. एक दुसऱ्याचेंच फळ, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या देशास विदर्भानें गुरु दिला, त्याच देशांतून आपणांस बीं मिळालें, हें विसरूं नये.

आपल्या जिल्ह्यांतील पापळ येथें जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनींही विलायतेंत विद्या मिळविली आणि केंद्रीय कृषिमंत्री होऊन ती शेतकऱ्यांच्या कामीं लाविली. अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्यानें 1960 सालीं पंतनगरास देशांतलें पहिलें कृषि विद्यापीठ निघालें. अध्यापन, संशोधन व प्रसार एका छत्राखालीं आणण्याची ती रीत. तिच्याच धर्तीवर 1969 सालीं अकोल्यास जें विद्यापीठ स्थापन झालें, त्यास पंजाबरावांचें नांव आहे.

आणि खुंटाची गोष्ट तर याहूनही बोधप्रद. ज्या जंभेरीवर आम्ही डोळे बांधतों, तिचें शास्त्रीय नांव 'सिट्रस जंभिरी'. आमच्या संस्कृतांतला जम्बीरच तो! अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतांतील रेताड रानांत अनेक दशकें संत्र्यांच्या बागा याच जातीच्या खुंटावर उभ्या होत्या. बंगालमधील रंगपूरच्या नांवाचें लिंबू ब्राझील देशांत तेथील बागांचा मुख्य खुंट झालें. आणि डिंक्याला जंभेरीपेक्षां अधिक दाद न देणारा म्हणून तोच खुंट आतां आपणांस सुचविला जातो. आपलें दिलेलें असें फिरून आपल्या दारीं येतें.

तेव्हां निवाडा कसा करावा? पाण्याचा प्रश्न घ्या. वरूड भागांत विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या. थेंब जपण्याची कला वाळवंटाशेजारच्या लोकांकडून शिकण्यांत कमीपणा कसला? पण काळ्या जमिनींत श्रावणाचें पाणी कोठें तुंबतें, हें त्यांस कोण सांगणार? तें बंधूंसच ठाऊक. पाहुण्यानें डोळा द्यावा. खुंट व माती आपणच पारखावी.

आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, अर्धी जमीन पुतण्याच्या रीतीनें लावावी, पण चर कोठून काढावयाचे तें बंधूंनीं ठरवावें. उरलेल्या अर्ध्या भागांत जुनेंच अंतर राहील. मात्र कलम दोन्हींकडे उंच डोळ्याचेंच. बंधूंनीं मान डोलाविली. मृगाच्या पावसांत ते स्वतः कुदळ घेऊन चरांतून पाणी वाहतें कीं नाहीं तें पाहत फिरत होते, आणि पुतण्या त्यांच्यामागून वहींत टिपून घेत होता.

फळ दिसावयास अजून चार-पांच वर्षें लागतील. ज्या घरांतून कोणी मुलगा वा मुलगी असें शिक्षण घेऊन येत असेल, तेथील वडील मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, त्याचें ऐकावें आणि आपलेंही सांगावें. नागपुरापर्यंत विद्या परराष्ट्राच्या साह्यानें आली. नागपुराहून आपल्या बांधापर्यंत तिला आणणें हें काम घरच्यांचेंच आहे.