‘गाडी ओढत नाही’ : एका तक्रारीचा अर्थनिर्णय

चढावर वेग मंदावला की चालक म्हणतो, “गाडी ओढत नाही.” या वाक्याचा कर्ता ‘गाडी’ आहे, ‘इंजिन’ नव्हे; आणि हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, परंतु वेग वाढत नाही, असे असल्यास क्लच घसरत असण्याचाच संभव अधिक. हे न विचारता इंजिन उघडल्यास मालकाचा खर्च व्यर्थ जातो. ब्रेक चिकटून राहिला तरी तक्रार हीच!

फेरेच वाढत नसतील, तर मात्र दोष इंजिनात शोधावा. ‘गुदमरते’ म्हटल्यास एअर फिल्टर, इंधनाचा फिल्टर वा तुंबलेला सायलेन्सर प्रथम पाहावा. ‘दम नाही’ हा प्रयोग सर्वांत संदिग्ध. पेट्रोल इंजिन असल्यास तेथे सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत आपण एकच वर्ण बदलून अर्थभेद पाहतो, येथेही तसेच. ज्या सिलिंडरात दाब कमी, त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढल्यास पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे असे समजावे. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे.