तिशीतील नोकरदार मातांचे वाढते वजन : चयापचय की वेळापत्रक?

प्रस्तावना

वयाची तिशी ओलांडलेल्या स्त्रीचे वजन वाढू लागले की त्याची दोन स्पष्टीकरणे आपल्याकडे तयार असतात. ‘बाळंतपणानंतर अंग सुटतेच’ हे एक आणि ‘आता वय झाले, चयापचय मंदावला’ हे दुसरे. पहिल्यात दैववाद आहे, तर दुसऱ्यात विज्ञानाचा आभास. या दोहोंखेरीज एक तिसरे स्पष्टीकरणही असते. ते सहसा तोंडावर बोलले जात नाही; मात्र स्वतः त्या स्त्रीनेच ते मनोमन स्वीकारलेले असते. ते म्हणजे आपला जिभेवर ताबा नाही, आपल्यात निश्चय नाही. प्रस्तुत लेखात या तिन्ही समजुतींची तपासणी करून, नोकरी व मातृत्व एकाच वेळी सांभाळणाऱ्या स्त्रीच्या वजनवाढीचे मूळ मुख्यतः तिच्या दिवसाच्या रचनेत कसे आहे, याचा विचार केला आहे. उदाहरणे प्रामुख्याने महाविद्यालयीन अध्यापिकांच्या जीवनक्रमातून घेतली आहेत. कारण नेट-सेट, नियुक्ती, पीएच.डी., पदोन्नती आणि अपत्यजन्म या साऱ्या गोष्टी त्यांच्या बाबतीत बहुधा एकाच दशकात दाटीवाटीने येतात.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के स्त्रियांचा शरीरभार निर्देशांक (बी.एम.आय.) २५ किंवा त्याहून अधिक आढळला होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. त्यातही ग्रामीण भागात ते १९.७ टक्के, तर शहरी भागात ३३.२ टक्के होते. याच फेरीत ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे या आकड्यांशेजारी ठेवून वाचले पाहिजे. वजन अधिक आणि पोषण अपुरे हा विरोधाभास नसून अनेकींच्या बाबतीत ते एकाच ताटाचे दोन परिणाम आहेत.

भारतीयांच्या बाबतीत वजनकाट्यावरील आकडा पुरेसा नाही, ही गोष्ट पुण्यातील संशोधनाने जगापुढे मांडली. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद होता. दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त अशा या भारतीय शरीररचनेमुळेच २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांत अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ आणि स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची सीमा ८० सेंटिमीटर ठरविण्यात आली. तेव्हा ‘माझे वजन फारसे वाढलेले नाही, फक्त पोट सुटले आहे’ हे वाक्य समाधानाचे नव्हे. मेद साठण्यासाठी पोट हीच सर्वांत अनिष्ट जागा आहे. पाच रुपयांची शिंपीपट्टी या बाबतीत महागड्या वजनकाट्याहून अधिक खरे बोलते.

चयापचय खरोखर मंदावतो का?

या प्रश्नाचे बऱ्यापैकी निर्णायक उत्तर २०२१ मध्ये मिळाले. हर्मन पाँट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या दैनंदिन ऊर्जाव्ययाच्या मोजमापांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आठ दिवसांच्या अर्भकापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंतच्या व्यक्ती त्यात होत्या. शरीराचा आकार व मेदविरहित वस्तुमान विचारात घेतल्यास वयाच्या २० ते ६० या काळात ऊर्जाव्यय जवळजवळ स्थिर राहतो. गरोदरपणातही या समायोजित पातळीत फरक पडत नाही, असे त्यातून दिसून आले. म्हणजे तिशीत शरीराची भट्टी आपोआप मंद होते, ही समजूत टिकत नाही. मंदावते ती हालचाल, आणि न वापरल्यामुळे घटतात ते स्नायू.

याचा अर्थ सर्व वजनवाढ केवळ राहणीमुळे होते असा मात्र नाही. थायरॉइड ग्रंथीची मंद क्रिया, बीजकोशांच्या कार्यातील बिघाड (पी.सी.ओ.एस.), काही मनोविकारांवरील औषधे व स्टेरॉइड्स यांमुळेही वजन वाढते. पाळी अनियमित असणे, असाधारण थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठता अशी लक्षणे सोबत असल्यास आहाराचे प्रयोग करीत बसण्याआधी तपासणी करून घेणे इष्ट. तसेच गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीने प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत आणि पुढे नियमितपणे रक्तशर्करा तपासली पाहिजे. प्रसूतीनंतर साखर ‘नॉर्मल आली’ म्हणून ही फाइल कायमची बंद केली जाते आणि चाळिशीत ती पुन्हा उघडते.

थोडे अंकगणित

तिशीतील वजन एकाएकी वाढत नाही. ते वर्षाकाठी अर्धा किलो अशा बेताने, न कळत चढते. दहा वर्षांत पाच किलो. केविन हॉल यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार प्रौढ व्यक्तीच्या वजनात कायमस्वरूपी एक किलोचा फरक पडण्यास रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींचा कायमस्वरूपी फरक पुरतो. त्यातील निम्मा परिणाम वर्षभरात व जवळजवळ सर्व परिणाम तीन वर्षांत दिसतो. या हिशेबाने पाच किलोंमागे रोजच्या सुमारे १२० किलोकॅलरी उभ्या असतात. तीन चहाचे चमचे तेल, किंवा दोन चमचे साखर घातलेला दीड कप चहा, एवढाच हा ऐवज आहे. इतक्या लहान फरकासाठी खादाडपणाचा दोष देणे अन्यायाचे ठरते. त्याच वेळी, इतका लहान फरक उलटवणे अशक्य नाही, हेही खरे.

काम भरपूर, पण हालचाल अल्प

येथे एक शंका स्वाभाविक आहे. नोकरदार माता पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत क्षणभर बसत नाही, मग तिचे वजन वाढावे कसे? या शंकेचे उत्तर घरकामाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. जाते, पाटा-वरवंटा, विहिरीचे पाणी ही कष्टाची कामे नगरांतील मध्यमवर्गीय घरांतून केव्हाच गेली. भांडी, धुणी, केर-फरशी यांसाठी बाई किंवा यंत्र आले. उरली ती वेळखाऊ, परंतु शरीराला फारसे न हलवणारी कामे : पोळ्या लाटणे, भाजी निवडणे, डबे भरणे, मुलाचा अभ्यास घेणे, शाळेचे निरोप पाहणे, संपत आलेल्या वस्तूंची यादी डोक्यात ठेवणे. ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करण्यात जी ऊर्जा खर्च होते, तिच्या ढोबळमानाने दुप्पट ऊर्जा तेवढाच वेळ झपझप चालण्यात खर्च होते. थोडक्यात, दिवस भरतो, पाय दुखतात, मन शिणते आणि स्नायूंना मात्र व्यायाम घडत नाही. ‘एवढे राबते, तेच व्यायाम नाही का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु ते देताना, व्यायामासाठी लागणारा वेळ याच राबण्यात गेला आहे, हेही सांगितले पाहिजे.

हा वेळ किती, याचे मोजमाप उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली.

महाविद्यालयाकडे वळल्यास चित्र फारसे वेगळे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरविले. तेवढे तास निदान उभे राहून तरी शिकवले जाते. उरलेला वेळ मूल्यांकनाची कागदपत्रे, उत्तरपत्रिका, संगणकावरील नोंदी यांत खुर्चीवरच जातो. दुचाकीने येणे, दुचाकीने जाणे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापिकेची स्थिती याहून कठीण असते. दोन महाविद्यालयांतील तासांच्या मध्ये जेवणाची वेळ बसमध्ये सरते आणि दुपारी तीनला उपाहारगृहातील सामोसा व चहा हेच जेवण होते.

ताटातील प्रश्न

बाळंतिणीसाठी डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, सढळ तूप ही आपली जुनी व्यवस्था सव्वा महिन्याची होती. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत मातेला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, त्यामुळे तिला शास्त्राधारही आहे. अडचण नंतर येते. स्तनपान थांबते, पण तोपर्यंत जडलेली सवय थांबत नाही. त्यात मुलाच्या ताटातील उष्ट्याची भर पडते. पानात टाकू नये हा संस्कार मुलावर होवो न होवो, आईवर पक्का झालेला असतो. चार घास वरण-भात, अर्धे बिस्किट, सकाळची एक पोळी फोडणीला टाकून, असा हा न मोजलेला आहार वर सांगितलेल्या १२० किलोकॅलरींचा मोठा वाटेकरी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या निकषांनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० किलोकॅलरी व ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. दोन पोळ्या व बटाट्याची भाजी अशा डब्यातून जेमतेम नऊ-दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याच डब्यात एक पोळी कमी करून वाटीभर मटकीची उसळ व दही घातल्यास हे प्रमाण दीडपटीच्या आसपास जाते आणि चारच्या सुमारास लागणारी भूक बरीच मागे सरते. याउलट उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा व तूप यांतून पिष्ट व स्निग्ध पदार्थच पोटात जातात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आहारशास्त्राच्या पुष्कळ आधीची आहे. कर्बोदके पूर्णतः वर्ज्य करणाऱ्या आहारपद्धतींविषयी एवढेच म्हणता येईल, की ज्या आहारासाठी घरात दुसरा स्वयंपाक करावा लागतो, तो सत्रपरीक्षा सुरू होताच सुटतो.

झोपेचा मुद्दा याच्याशी निगडित आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ दोन रात्री चार-चार तास झोप दिल्यावर तृप्तीचा संकेत देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड व पिष्टमय पदार्थांची इच्छा बळावली. प्रयोग बारा तरुण पुरुषांवर झाला होता. दोन वर्षे रात्रीतून दोनदा उठणाऱ्या मातेवर तो करावा, असे तेव्हा कोणाला सुचले नव्हते.

व्यवस्थापन : घर आणि संस्था

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूत्रांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम सांगितला आहे. व्यायाम सलग दहा मिनिटांचा असलाच पाहिजे, ही जुनी अट या सूत्रांत काढून टाकण्यात आली. नोकरदार मातेसाठी हा बदल फार मोलाचा आहे. दोन थांबे अलीकडे उतरून चालणे, तिसऱ्या मजल्यावरील वर्गासाठी जिना चढणे, मूल मैदानावर खेळत असताना बाकावर न बसता फेऱ्या मारणे हे सारे हिशेबात धरता येते. स्नायूंसाठी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे व पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यांनी आरंभ होऊ शकतो. प्रसूतीनंतर पोटाचे स्नायू फाकलेले असल्यास किंवा खोकताना लघवी सुटत असल्यास मात्र आधी भौतिकोपचार तज्ज्ञाला दाखवावे.

२०२५ मध्ये टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन घटवणारी इंजेक्शने वजनाच्या उपचारासाठी भारतीय बाजारात आली. स्थूलतेसोबत मधुमेहादी विकार असलेल्यांना त्यांचा लाभ होतो. तथापि, दुसऱ्या अपत्याचा विचार असलेल्या स्त्रीने ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

घरात काय बदलावे, याचे उत्तर वाटणीत आहे. ‘मदत’ या शब्दाने हा प्रश्न सुटत नाही, कारण मदत मागावी लागते आणि मागणे हेही एक काम असते. संध्याकाळचे जेवण किंवा मुलाचा अभ्यास यांपैकी एक गोष्ट पूर्णपणे दुसऱ्याच्या जबाबदारीची झाली, तरच स्त्रीला रोजची तीस-चाळीस मिनिटे मोकळी मिळतात. सासू-सासरे घरी असल्यास रात्रीचे जेवण आठपूर्वी उरकणे त्यांच्याही प्रकृतीला मानवते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

महाविद्यालयाच्या पातळीवर खर्चाविना करता येण्याजोगे बरेच आहे. बहुतेक ठिकाणी जिमखाना आहे, महिला कक्ष आहे, शारीरिक शिक्षण संचालक आहेत. परंतु जिमखान्याचे वेळापत्रक विद्यार्थ्यांच्या स्पर्धांनुसार ठरते आणि अध्यापिकांना तेथे जाणे संकोचाचे वाटते. दुपारी दीड ते सव्वादोन ही वेळ आठवड्यातून दोन दिवस स्त्री कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. विभागीय बैठका साडेपाचला न ठेवता जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवता येतात. आणि वेळापत्रक समितीने एवढे पाहावे, की सकाळी सव्वासातची पहिली तासिका व दुपारची अखेरची तासिका एकाच दिवशी, दोन वर्षांचे मूल घरी असलेल्या एकाच अध्यापिकेच्या वाट्याला येणार नाहीत.