नागलीचे पीक आणि कुटुंबाचे पोषण

नाशिक जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे निफाड-दिंडोरीकडील द्राक्षे आणि लासलगावचा कांदा प्रथम आठवतो. परंतु जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांतील शेती निराळी आहे. येथे पाऊस भरपूर पडतो. मात्र जमीन उताराची व उथळ असल्याने भातखाचरे सखल जागीच करता येतात. उरलेल्या वरकस जमिनीवर नागली, वरई व खुरासणी ही पिके आलटून पालटून घेण्याची रीत फार जुनी आहे. गेल्या काही दशकांत राज्यातील नागलीखालील क्षेत्र घटत आले आहे. रेशनवर तांदूळ व गहू मिळत असताना कष्टाची नागली कशाला करावी, असा प्रश्न अनेक शेतकऱ्यांच्या मनात येतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

अन्नसुरक्षा कशास म्हणावे?

१९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या केली. सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसे, निर्धोक व पौष्टिक अन्न मिळणे व ते घेण्याची ऐपत असणे, असा तिचा आशय आहे. म्हणजे कोठारात धान्य असणे ही केवळ पहिली पायरी होय.

महाराष्ट्राने हा धडा १९७२ च्या दुष्काळात घेतला. पीक बुडताच शेतमजुराची मजुरीही बुडाली आणि धान्य विकत घेण्यास हाती पैसा राहिला नाही. म्हणून शासनाने दुष्काळी कामे काढली, कामावरील लोकांना सुकडी दिली आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. या योजनांमुळे उपासमारीचे भय पुष्कळ कमी झाले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. ही उणीव केवळ तांदूळ वाढवून भरून निघणारी नाही.

नागलीचे गुण व मर्यादा

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे रोज १०० ग्रॅम नागली पोटात गेली तर गरजेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग भागतो. वाढत्या मुलांच्या हाडांस व अंगावर पाजणाऱ्या मातेस त्याची विशेष गरज असते. लोहही नागलीत तांदळापेक्षा कितीतरी अधिक आहे.

परंतु नागली म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. तिच्यात प्रथिने सुमारे ७ टक्केच असतात. म्हणून भाकरीबरोबर उडीद, कुळीथ किंवा तुरीचे वरण हवेच. तसेच तिच्यातील काही द्रव्यांमुळे लोह अंगी पूर्ण लागत नाही. त्यावर मोड आणणे हा सोपा उपाय आहे. नागली रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, नंतर वाळवून, मंद भाजून दळावी. सहा महिन्यांवरील बालकास या पिठाची पेज द्यावी. मोठ्यांनी भाकरीसोबत पालेभाजी व लिंबू घ्यावे.

घरापुरती नागली किती?

माणशी रोज १०० ग्रॅम धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला सुमारे १८० किलो, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल नागली लागते. हेक्टरी १० क्विंटल उत्पन्न धरले तरी १८ ते २० गुंठे वरकस जमीन त्यास पुरते. लागवड सुधारली तर याहून कमी जमिनीत काम भागते व वरचे धान्य विक्रीस उरते.

लागवडीत करावयाच्या सुधारणा

१. दापोली-१, फुले नाचणी यांसारख्या सुधारित जातींचे खात्रीचे बियाणे वापरावे. आपल्या जमिनीस योग्य जात कोणती, याची चौकशी महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी येथील संशोधन केंद्राकडे करावी.

२. करपा रोग टाळण्यासाठी पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास ३ ग्रॅम थायरम चोळावे.

३. राब भाजण्यात शेण व पालापाचोळा जळून जातो व जमिनीस मिळावयाचे खत नष्ट होते. त्याऐवजी कुजलेले शेणखत घालून गादीवाफ्यावर रोपे करावीत. लावणीच्या नागलीस हेक्टरी ४ ते ५ किलो बियाणे पुरते.

४. तीन ते चार आठवड्यांची रोपे ओळीत, दोन ओळींत २२.५ सेंटिमीटर व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवून लावावीत. ओळी उताराला आडव्या असाव्यात, म्हणजे माती वाहून जाणार नाही.

५. हेक्टरी ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद द्यावे. निम्मे नत्र व सर्व स्फुरद लावणीच्या वेळी आणि उरलेले नत्र एक महिन्याने, निंदणीनंतर द्यावे.

विकावी की ठेवावी?

२०२५-२६ च्या हंगामासाठी नागलीची आधारभूत किंमत क्विंटलला ४८८६ रुपये जाहीर झाली. साध्या भाताची २३६९ रुपये होती. तेव्हा नागलीस मोल नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र ही किंमत सरकारी खरेदी झाली तरच पदरात पडते. आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळामार्फत आधारभूत किमतीने धान्यखरेदी केली जाते. जवळच्या केंद्रावर नागली घेतली जाते काय व नोंदणी केव्हा करावयाची, हे हंगामापूर्वीच विचारावे. सुगी संपताच अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात. निघण्याच्या घाईत नागली व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने दिली जाते. नंतर आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते आणि नवे पीक दिवाळीच्या सुमारास येते. म्हणून घरची दोन क्विंटल नागली प्रथम बाजूस काढावी, मगच उरलेली विकावी. चांगली वाळवलेली नागली वर्षानुवर्षे किडीवाचून टिकते. हा तिचा मोठाच गुण आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कर्नाटकात नागली सरकारी खरेदीतून रेशनवर दिली जाते. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्यांची मोहीम चालवून नागलीचे लाडू अंगणवाडीपर्यंत पोहोचविले. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यातही तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्याचा समावेश आहे. त्याचा लाभ येथील शेतकऱ्यास व बालकांस मिळावा यासाठी गावातील नागलीचे क्षेत्र, विक्रीस उरणारे धान्य व नोंदणी केलेले शेतकरी यांची यादी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपुढे ठेवावी. अंगणवाडी सेविकेच्या साह्याने मोडाच्या पिठाचे प्रात्यक्षिक करावे. मळणी व सडण्याचे कष्ट बहुधा स्त्रियांवर पडतात. बचत गटांनी मळणी यंत्र व गिरणीची सोय केल्यास हे पीक सोडण्याचे एक मोठे कारण दूर होईल.

रेशनचे धान्य हा कुटुंबाचा हक्क आहे व तो सोडण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीस घरच्या उतारावरील वीस गुंठे नागली असली, तर ताटात भाताबरोबर भाकरीही येईल. येत्या मृगापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने एवढ्या जागेची निवड करून बियाण्याची तजवीज करावी.