राक्षसाचें हसें

दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून बसलेला ड्रॅक्युला, किंवा धोब्याच्या दुकानांत आपल्या अंगावरच्या पट्ट्या मोजून देणारी ईजिप्तची ममी, अशा तऱ्हेच्या चित्रांवर पाश्चात्त्य वर्तमानपत्रांचे विनोदी रकाने कित्येक वर्षें पोसले गेले आहेत. वास्तविक हीं पात्रें जन्मास आलीं तीं माणसाला भेवडाविण्यासाठीं. मेरी शेली यांची 'फ्रँकेनस्टाइन' ही कादंबरी १८१८ ची, ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ ची. १९३१ सालीं अमेरिकेंतील युनिव्हर्सल कंपनीनें या दोहोंवर बोलपट काढले आणि बोरिस कार्लोफ व बेला लुगोसी या नटांनीं प्रेक्षकांची झोंप उडविली. मग ज्या आकृतीनें आजोबांस घाम फोडला, तीच पाहून नातवास हसूं कां फुटावें?

याचें अर्धें उत्तर वर्तमानपत्राच्या अपुऱ्या जागेंत आहे. हास्यचित्राला मिळून चार बोटें जागा, आणि वाचक त्याला देणार तो चहाचा एक घोट घेण्याइतका वेळ. एवढ्यांत पात्राची ओळख करून देण्यास सवड कोठली? म्हणून चित्रकाराला अशी आकृति लागते कीं, जी चार रेघांत ओळखूं यावी. जॅक पिअर्स या रंगभूषाकारानें कार्लोफला चपटें डोकें व मानेंत दोन खिळे दिले. तेवढें काढलें कीं काम झालें. मूळ कादंबरींत त्या प्राण्याला नांवच नाहीं, फ्रँकेनस्टाइन हें त्याला घडविणाऱ्याचें नांव. पण लोकांनीं तें खुशाल प्राण्याला देऊन टाकलें. ममीची गोष्ट तर याहून मौजेची. १९३२ च्या बोलपटांत पट्ट्यांनीं गुंडाळलेला कार्लोफ क्षणभरच दिसतो. बाकीच्या कथेंत तो फेज टोपी घातलेला, सुकलेल्या चेहऱ्याचा एक गृहस्थ आहे. त्या गृहस्थाला व्यंगचित्रांत कोणी विचारीत नाहीं. पट्ट्या मात्र अमर झाल्या!

दुसरें असें कीं, अतिपरिचयानें भयाची धार बोथट होते. १९४८ सालीं ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या बोलपटांत खुद्द लुगोसीच पुन्हां ड्रॅक्युला होऊन आला. १९५७ पासून हे जुने बोलपट अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर दिसूं लागले आणि राक्षस घरोघर दिवाणखान्यांत येऊन बसले. एकदां घरांत आला कीं, त्याला घरच्या अडचणीहि चिकटतात. ड्रॅक्युलाला लसणाचा वास सोसत नाहीं, अशी समजूत आहे. तो चुकून धाराशिवच्या आठवडे बाजाराच्या दिवशीं अवतरला आणि कोणा सुगरणीनें त्याला भाकरीवर लसणाची चटणी वाढली, तर त्याची काय अवस्था होईल, हें सांगण्यास निराळ्या पंडिताची गरज नाहीं.

आपल्याकडेहि हा प्रवास झालेलाच आहे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अललल डुर्र' अशी आरोळी ठोकीत, राळेच्या भपक्यांत नाचत येत. पुढें त्या नाटकांना 'अललडुर्र नाटकें' हेंच थट्टेचें नांव पडलें. आरोळी राहिली, दरारा गेला. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ सालीं काढलेला चित्रपट 'मोहिनी भस्मासुर' होय. त्यांत दुर्गाबाई कामत पार्वती, आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या होत्या. मराठी वर्तमानपत्रांना सर्वांत उपयोगी पडलेला राक्षस हाच. 'महागाईचा भस्मासुर' हा शब्दप्रयोग आतां इतका रुळला आहे कीं, त्यांतील कथा कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पण चित्रकार ती विसरत नाहीं. भस्मासुराला वर दिला तो शंकरांनीं, आणि त्याच्यापुढें पळण्याची पाळी आली तीहि त्यांच्यावरच. ज्यानें पोसलें त्याच्याच डोक्यावर हात ठेवावयास निघालेला हा राक्षस राजकीय व्यंगचित्राला जणूं बेतूनच दिलेला आहे. वाचक हसतो तो राक्षसाला नव्हे, पुढें धोतर सांवरीत पळणाऱ्या वरदात्याला.

१९९३ सालीं महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' या चित्रपटांत तात्या विंचू हा गुंड मरतां मरतां बाहुल्यांत शिरला. त्या बाहुल्याला भिणारीं मुलें पुढें त्याचीच नक्कल करूं लागलीं. तो बाहुला घडविला रामदास पाध्ये यांनीं. त्यांचा अर्धवटराव तर आधींपासूनच महाराष्ट्राला हसवीत होता.

परंतु प्रत्येक राक्षसाचें हसें होतें असें नाहीं. तुळजापूरची भवानी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. स्थानिक कथेप्रमाणें तिनें कुकुर नांवाच्या दैत्याला, त्यानें रेड्याचें रूप घेतलें असतां मारलें. त्या रेड्याची थट्टा करण्यास भाविकाची जीभ उचलत नाहीं. शेताच्या बांधावरचा शेंदूर फांसलेला म्हसोबा हाहि मूळचा महिषासुरच, असें दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं मानलें आहे. ज्याला अजून नारळ फोडावा लागतो, त्याच्याशीं विनोद कसा करावा?

आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या त्या रात्रीं, लातूरकडील किल्लारी व धाराशिवकडील सास्तूर या भागांत धरणी हादरली. सुमारें दहा हजार माणसें मरण पावलीं. त्या वर्षीं कोणी भूकंपासुराचें चित्र छापलें असतें, तर सास्तुरांत तें कोणाच्या हातीं द्यावयाचें? दुष्काळासुर मात्र अवर्षणाच्या सालीं व्यंगचित्रांत हमखास येतो, सुळे व शिंगें घेऊन. मुंबईच्या वाचकाला तो गमतीचा वाटतो. भूम-परंड्याकडे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रांगेंत घागर ठेवून बसलेल्या बाईला त्यांत शिंगें तेवढीं नवीं दिसतील.